पणजोबांचे पणजोबा जॉर्ज, पण जॉर्जचे वडील कोण?

पत्र : नमस्कार ताई. मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर पेनसिल्व्हेनियात. नवरा इथलाच, घराणं जुनं जर्मन, इथे ज्यांना पेनसिल्व्हेनिया डच म्हणतात त्यातलं. सासरे ८१ वर्षांचे आहेत. ऑगस्टमध्ये त्यांच्या कुटुंबाचं संमेलन असतं आणि यंदा ते वंशावळीची पुस्तिका छापणार आहेत. त्यात त्यांच्या पणजोबांचे पणजोबा जॉर्ज मिलर हे १७४९ साली जहाजाने आलेल्या योहान गेऑर्ग म्युलर यांचा मुलगा असं दिलंय, ऑनलाइन सगळ्या ट्रीमध्येही तसंच आहे. पण मी कागद बघायला लागले तर जॉर्ज पहिल्यांदा दिसतो तो थेट १७६७ च्या टॅक्स लिस्टमध्ये, बर्क्स काउंटीतल्या टुल्पेहॉकन टाउनशिपमध्ये, सिंगल मॅन म्हणून. थडग्यावरच्या वयावरून जन्म १७४५ चा निघतो. योहान गेऑर्ग यांचं १७७४ चं विल मिळालं, त्यात तीन मुलगे, दोन मुली आणि जॉर्जचं नावच नाही! त्यात नवऱ्याने हौसेने वाय-डीएनए टेस्ट केली, १११ मार्करची, त्यात एकही मिलर नाही, जवळचे मॅच सगळे वेबर. जॉर्जच्या चार मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी सोबत पाठवतेय. सासऱ्यांना अजून काही बोलले नाही. मी बाहेरून आलेली, त्यांच्या घराण्याचा बाप मी कशी काय खोडू? सांगू का? आणि खरे वडील शोधायचे तर कुठून सुरुवात करू? — मिलरांची सून

(नावं आणि आडनावं बदलली आहेत.)

सूनबाई, जॉर्जचे वडील योहान गेऑर्ग नव्हते असं आज छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण होते असं तर अजिबातच म्हणता येणार नाही, आणि पुस्तिकेत मात्र ते अगदी ठाम छापलं जाणार आहे. एकदा छापलं की ते पुढच्या पन्नास ट्रीमध्ये कॉपी होणार आणि मग कोणी विचारलं की लोक त्या पुस्तिकेचाच पुरावा देणार. म्हणून तुम्ही आत्ता थांबून विचारताय हे फार बरं केलंत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: वंशावळीतला वडिलांच्या नावाचा चौकोन रिकामा ठेवा, शेजारी तुम्हाला जे जे सापडलंय ते सगळं लिहा, आणि शोध वडिलांचा करू नका, जॉर्जच्या आजूबाजूच्या माणसांचा करा. वडील त्यातून सापडले तर सापडतील.

आता सविस्तर.

हे १७४९ चं जहाज ट्रीमध्ये आलं कुठून ते आधी समजून घ्या, कारण अशा बहुतेक घरांतली गोष्ट मला सारखीच दिसते. १७२७ च्या सप्टेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या कौन्सिलने ठरवलं की बाहेरून येणाऱ्या जर्मन लोकांच्या याद्या कॅप्टनने द्यायच्या आणि पुरुषांनी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेऊन सही करायची. त्या याद्या टिकल्या, १९३४ साली स्ट्रासबर्गर आणि हिंके यांनी तीन खंडांत छापल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक घराण्याला आपलं जहाज हवं असतं. पण शपथ फक्त १६ वर्षांवरच्या पुरुषांची, त्यामुळे बायका आणि लहान मुलं बहुतेक याद्यांत नाहीतच. कॅप्टनच्या काही याद्यांत ती असतात, पण त्यावर अवलंबून राहता येत नाही. तुमचा जॉर्ज १७४९ ला चार वर्षांचा, म्हणजे तो त्या जहाजावर होता की नव्हता, कोणाचं बोट धरून होता, हे यादी सांगूच शकत नाही. शिवाय १७४९ ते १७५४ हा जर्मन लोक येण्याचा सगळ्यात गर्दीचा काळ, आणि योहान गेऑर्ग म्युलर या नावाची माणसं त्या खंडांत एकापेक्षा जास्त आहेत. मग झालं असं असणार की कोणीतरी टुल्पेहॉकनमध्ये एक म्युलर बघितला, यादीत एक म्युलर बघितला, जॉर्ज म्हणजे गेऑर्ग आणि मिलर म्हणजे म्युलर, एकच नाव म्हणून बाप-लेक जोडून टाकले. यात पुरावा कुठेच नाही, फक्त नाव आहे.

आणि नावाचं तर फारच सांभाळून घ्यायला लागतं बघा. जर्मन घरांत बहुतेक मुलांचं पहिलं नाव योहान असायचं, एकाच घरात योहान गेऑर्ग, योहान पेटर, योहान आडाम असे तीन सख्खे भाऊ, आणि हाक मारायची ती दुसऱ्या नावाने. मुलाचं नाव ठेवताना बापाचं नाव देण्यापेक्षा बाप्तिस्म्याच्या वेळी जो गॉडफादर असायचा त्याचं नाव द्यायची पद्धत खूप होती. म्हणजे जॉर्जचं नाव गेऑर्ग असण्याचं कारण योहान गेऑर्ग हा त्याचा बाप नसून गॉडफादर होता असंही असू शकतं. हे मी सिद्ध झालंय म्हणून सांगत नाहीये, पण एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. अजून एक, त्या काळच्या कागदांत नावापुढे सीनियर आणि ज्युनियर लिहिलेलं दिसलं की लगेच बाप-लेक समजू नका, गावात एकाच नावाची दोन माणसं असली की मोठ्याला सीनियर आणि लहानाला ज्युनियर म्हणायचे, काका-पुतणे असोत नाहीतर काहीच नातं नसो.

विलमध्ये नाव नाही याचा अर्थ काय? इथे घाई नको. मोठ्या मुलाला लग्नाच्या वेळी जमीन, घोडा, पैसे देऊन मोकळं केलं असेल तर बाप विलमध्ये त्याचं नाव कधीकधी घेतच नसे, म्हणजे विल एकटं काही ठरवत नाही. पण विलच्या मागे अख्खी फाइल असते आणि लोक विलचं एक पान डाउनलोड करून थांबतात. तुम्ही रेडिंगला काउंटीच्या रजिस्टर ऑफ विल्समधून ती पूर्ण मागवा. मालमत्तेची यादी, लिलावात कोणी काय घेतलं त्याची यादी, नंतर एक्झिक्युटरने, म्हणजे विलची अंमलबजावणी करणाऱ्याने, दिलेला हिशेब, सगळं. लिलावात कढई आणि खोगीर विकत घेणारे बहुतेक नातेवाईक आणि शेजारी असतात. हिशेबात कोणाला किती वाटा दिला ते येतं. आणि विल जर्मनमध्ये लिहिलेलं असेल तर तुम्ही वाचलंय ते इंग्रजी भाषांतर असणार, मूळ जर्मन कागद फाइलमध्ये असला तर तो बघाच, कारण भाषांतरात सावत्र मुलगा, जावई, पुतण्या यांची सरमिसळ झालेली असते. त्या काळच्या इंग्रजीत सावत्र मुलालाही सन-इन-लॉ म्हणायचे, म्हणून विलमध्ये जावई म्हणून कोणी आहे का ते परत एकदा बघा, मुलींच्या नवऱ्यांशी ती नावं जुळतात का ते पण.

याहून भारी कागद म्हणजे जमिनीचे. योहान गेऑर्गची शेती १७७४ नंतर एका मुलाकडे गेली असणार आणि बाकीच्या वारसांनी त्याला हक्कसोडपत्र लिहून दिलं असणार, आपल्याकडे सातबाऱ्याच्या भानगडीत करतात अगदी तेच. ही पत्रं कधीकधी वीस-तीस वर्षांनी, जमीन परत विकताना नोंदवलेली सापडतात, म्हणून १७७४ ला थांबू नका, १८१० पर्यंतच्या खरेदीखतांचा इंडेक्स बघा. त्यात वारसांची पूर्ण यादी असेल आणि जॉर्ज त्यात नसेल तर तो त्याचा मुलगा नव्हता याला मोठा आधार मिळतो. विलपेक्षा मी याला जास्त वजन देईन.

काउंटीचं एक सांगायलाच हवं. बर्क्स काउंटी १७५२ ची. त्याआधी टुल्पेहॉकन लँकेस्टर काउंटीत होतं, आणि लँकेस्टर स्वतः १७२९ ला चेस्टरमधून निघालेली. कागद ज्या काउंटीत तयार झाला तिथेच राहतो, नवी काउंटी झाली म्हणून उचलून नेत नाहीत. म्हणजे जॉर्जच्या जन्माच्या सुमाराचं आणि त्याच्या लहानपणीचं जे काही असेल ते लँकेस्टरला शोधायचं. तुमच्या पत्रात लँकेस्टरचा उल्लेखच नाही, म्हणजे अर्धं घर अजून उघडलेलंच नाही.

आता डीएनए. इथे तुम्ही जो निष्कर्ष काढलाय तो जरा उलगडून बघू. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जातो, आडनावासारखाच, म्हणून नवऱ्याच्या टेस्टमध्ये मिलर न येता वेबर यावेत याचा अर्थ वाटेत कुठेतरी बाप आणि आडनाव यांची फारकत झालीये. पण कुठे? नवऱ्यापासून जॉर्जपर्यंत बाप-लेकाच्या सात जोड्या आहेत, जॉर्ज आणि योहान गेऑर्ग ही आठवी. फारकत या आठांपैकी कुठेही झालेली असू शकते. १७४५ ला झाली असेल तशी १८८० लाही झाली असेल, १९१० लाही. दत्तक, सावत्र बापाचं आडनाव, लग्नाबाहेरचं मूल, काहीही. तुम्ही जॉर्जवर बोट ठेवलंय कारण विलमध्ये तो नाही, आणि ते साहजिक आहे, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे अजून दाखवायचं आहे. कदाचित जॉर्ज योहान गेऑर्गचाच मुलगा असेल आणि वेबर प्रकरण शंभर वर्षं नंतरचं असेल.

हे ठरवायचा रस्ता सोपा आहे, थोडा खर्चिक. जॉर्जच्या दुसऱ्या एखाद्या मुलाच्या वंशातला, अखंड पुरुषांच्या ओळीतला, आज हयात असलेला मिलर शोधा. संमेलनाला असा कोणीतरी येत असणारच. त्याची वाय टेस्ट केली आणि ती तुमच्या नवऱ्याशी जुळली तर फारकत जॉर्जच्या जन्माशी किंवा त्याच्याही आधीची, मधल्या सगळ्या पिढ्या सुटल्या. नाही जुळली तर ती अलीकडची, दोन्हीपैकी एका फांदीतली. मग विलमध्ये नाव असलेल्या त्या तीन मुलग्यांपैकी एकाच्या वंशातला पुरुष शोधायचा आणि त्याचीही करायची. तीन माणसांच्या टेस्टमधून जे कळेल ते तीनशे ऑनलाइन ट्रीमधून कळणार नाही.

नेहमीची, म्हणजे सगळ्यांची होते ती ऑटोसोमल टेस्ट, आई-बाप दोघांकडून आलेल्या डीएनएची, इथे फार कामाची नाही. जॉर्जपासून सासऱ्यांपर्यंत सहा पिढ्या, म्हणजे सरासरी चौसष्टावा हिस्सा त्यांच्यात आला, नवऱ्यात एकशे अठ्ठाविसावा. जॉर्जच्या दुसऱ्या मुलांचे वंशज सासऱ्यांचे पाचव्या फळीतले चुलत भाऊबहीण होतात आणि एवढ्या लांबच्या नात्यात डीएनए जुळत नाही असंच जास्त वेळा होतं, त्यामुळे मॅच आला नाही म्हणून नातं नाही असं समजू नका. शिवाय टुल्पेहॉकनसारख्या खोऱ्यात त्याच दहा-वीस घरांत दोनशे वर्षं लग्नं झालेली असतात, सगळे सगळ्यांना थोडे थोडे जुळतात. तरीही करायचीच असेल तर सासऱ्यांची करा, नवऱ्याची नको, ते एक पिढी जवळ आहेत. आणि त्यांचं वय बघता उशीर नको.

पण हे सगळं करायच्या आधी थांबा, कारण इथे मला तुमची काळजी वाटते. जी टेस्ट १७४५ चं उत्तर देईल तीच टेस्ट १९१० चंही देईल. सासऱ्यांच्या वडिलांबद्दल किंवा आजोबांबद्दल काहीतरी निघालं तर? ८१ व्या वर्षी माणसाला ते कळायला हवं आहे का, हे त्यांनी ठरवायचं, तुम्ही नाही, नवऱ्याने पण नाही. म्हणून नमुना घ्यायच्या आधी हे स्पष्ट शब्दांत सांगा की यातून अलीकडचंही काही बाहेर येऊ शकतं, आणि ते नको म्हणाले तर तिथे विषय संपला. दूरच्या चुलतभावालाही तेच सांगा. त्याला फक्त जॉर्जचं कुतूहल आहे म्हणून तो हो म्हणेल आणि नंतर त्याच्या आजोबांचं निघेल, मग संमेलनात कोणी कोणाशी बोलणार नाही.

बरं, आता तुम्ही पाठवलेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी. त्या बघून मी खरंच खुर्चीत सरळ बसले. तुम्ही फक्त आई-बापांची नावं बघितलीत ना? खालची ओळ वाचा, गॉडफादर-गॉडमदरची. चारपैकी दोन मुलांना वेबर नवरा-बायको आहेत, आणि एका ठिकाणी जी वेबरिन लिहिलेली आहे ती पण वेबरच, स्त्रीच्या आडनावाला तेव्हा शेवटी इन लावायचे, ते वेगळं आडनाव नाही. म्हणजे तीन. जर्मन लोक बाप्तिस्म्याला उभं राहायला बहुतेक सख्खे भाऊ-बहीण, मेहुणे, आजी-आजोबा किंवा अगदी जिवाभावाचे शेजारीच बोलवायचे, आणि एकाही मुलाला एकही मिलर उभा नाही हे मला वेबर असण्याइतकंच बोलकं वाटतं, कारण योहान गेऑर्गचे तीन मुलगे त्याच टाउनशिपमध्ये राहत होते.

लगेच उडी मारू नका मात्र. जॉर्जच्या बायकोचं माहेरचं आडनाव तुम्हाला माहीत नाही, नोंदीत नुसतं मारिया एलिझाबेथा आहे. ती वेबरांची लेक असेल तर गॉडपेरेंट म्हणून वेबर येणं अगदी साधं झालं. पण मग वाय टेस्टमधले वेबर कुठून आले, कारण बायकोचा वाय टेस्टशी काही संबंधच नसतो? आणि वेबर म्हणजे विणकर, हे आडनाव जर्मनीत गावोगाव, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले हजारो वेबर आहेत, त्यामुळे टेस्टमधले वेबर आणि बाप्तिस्म्यातले वेबर एकच घराणं आहे का हे बघायला हवं. मॅच झालेल्या प्रत्येकाला साधा दोन ओळींचा ईमेल करा, तुमचा सगळ्यात जुना माहीत असलेला पूर्वज कोण आणि तो जर्मनीतल्या कोणत्या गावचा. आणि शोधताना वेबरबरोबर वीव्हर पण टाका, पुष्कळ वेबरांनी पुढे इंग्रजी आडनाव लावलं, जसं झिमरमानचे कारपेंटर झाले.

मला जी शक्यता सगळ्यात जास्त पटते ती सांगते, शक्यता म्हणूनच घ्या. जहाजांवर माणसं फार मरायची. रॉटरडॅमहून निघून इंग्लंडमध्ये काउजला थांबून फिलाडेल्फियाला पोचेपर्यंत महिनेच्या महिने जायचे, त्यात टायफस, हगवण, आणि लहान मुलं तर पटापट जायची. १७५० साली आलेल्या गॉटलीब मिटेलबर्गरने लिहून ठेवलंय की अर्ध्याहून जास्त प्रवास झाल्यावर नवरा किंवा बायको मेली तर मागे राहिलेल्याला दोघांचं भाडं फेडावं लागायचं, आणि दोघंही गेले तर ते मुलांच्या अंगावर यायचं, मुलं २१ वर्षांची होईपर्यंत कोणाकडे तरी बांधील राहायची. कल्पना करा, चार वर्षांचं पोर आणि त्याच्या नावावर मेलेल्या आई-बापाचं भाडं. हे वाचलं की मला नेहमी वाटतं, या मुलांचे बाप कागदावर सापडत नाहीत म्हणून आपण वैतागतो, त्यांना तर ते चेहऱ्यानेही आठवत नसतील. तर तुमचा जॉर्ज असा असू शकतो. वेबरांचा मुलगा, बाप वाटेत गेला, आईने म्युलरशी लग्न केलं, आणि पोराला सावत्र बापाचं आडनाव चिकटलं. किंवा आई-बाप दोन्ही गेले आणि गॉडफादर योहान गेऑर्गने त्याला वाढवलं. दोन्ही बाबतीत विलमध्ये नाव नसणं, वाय टेस्टमध्ये वेबर येणं आणि बाप्तिस्म्याला वेबर उभं राहणं, तिन्ही गोष्टी एका जागी बसतात. आणि १७४५ ला तो इथेच जन्मला असेल तर तिसरी शक्यता, लग्नाबाहेरचं मूल. तेव्हा त्या आईला क्वार्टर सेशन्स, म्हणजे दर तीन महिन्यांनी बसणाऱ्या काउंटीच्या कोर्टात उभं करून बापाचं नाव विचारायचे, मुलाच्या पोषणाचा बोजा गावावर पडू नये म्हणून, आणि बापाला पैसे भरायला लावायचे. ती रजिस्टरं लँकेस्टरची, १७४४ ते १७४६ बघा. वाचायला जड जातं हो, त्या बायकांची नावं आणि दंड एका ओळीत लिहिलेले असतात. पण कित्येक वेळा बापाचं नाव फक्त तिथेच मिळतं.

आता कोणता कागद यातलं काय ठरवेल. माझ्या मते पहिला नंबर कन्फर्मेशनच्या यादीचा. लुथेरन आणि रिफॉर्म्ड या दोन्ही प्रोटेस्टंट पंथांच्या चर्चमध्ये मुलं चौदा-पंधराची झाली की कन्फर्म व्हायची, म्हणजे आपली श्रद्धा स्वतः जाहीर करून चर्चची पूर्ण सदस्य व्हायची, म्हणजे जॉर्ज साधारण १७५९-६० ला, आणि चांगला पाद्री यादीत वय आणि बापाचं नाव लिहायचा, सावत्र असेल तर सावत्र, बाप वारला असेल तर वारलेला. टुल्पेहॉकनमध्ये १७४३ ला स्थापन झालेलं क्राइस्ट लुथेरन आहे, त्याच्याही आधीचं रीड्स चर्च, आणि रिफॉर्म्ड लोकांचं वेगळं. कुटुंब कोणत्या पंथाचं ते माहीत नसेल तर दोन्ही बघा, एकाच इमारतीत दोन्ही पंथ आळीपाळीने प्रार्थना करायचे आणि नवरा लुथेरन बायको रिफॉर्म्ड हे सर्रास होतं. योहान कास्पर श्टोव्हर नावाचा फिरता पाद्री होता, त्याची १७३० ते १७७९ ची स्वतःची वही टिकली आहे आणि त्यात या भागातले ढीगभर बाप्तिस्मे आणि लग्नं आहेत, पण तो बाप्तिस्म्यात आईचं नाव लिहीत नसे, त्यामुळे तिथेही तुम्हाला गॉडपेरेंटवरूनच माग काढावा लागेल. त्याच वहीतली लग्नं बघा, १७४९ नंतरची, म्युलर आणि कोणी वेबरिन असं जोडपं सापडलं तर मला आधी कळवा!

दुसरं ऑर्फन्स कोर्ट. इथे ऑर्फन म्हणजे ज्याचा बाप गेला तो, आई जिवंत असली तरी. बाप मालमत्ता ठेवून गेला असेल तर मुलांना पालक नेमायचे आणि १४ वर्षांचं मूल स्वतःचा पालक स्वतः निवडायचं. १७४५ ते १७५२ लँकेस्टर, पुढे बर्क्स. आडनाव वेबर टाकून बघा, मिलर टाकून नाही. बाप समुद्रात गेला आणि मागे काहीच नव्हतं तर इथे काही मिळणार नाही, तेवढी तयारी ठेवा.

जर्मनमधली वर्तमानपत्रं पण आहेत, जर्मनटाउनच्या ख्रिस्तोफ सावरने १७३९ ला सुरू केलेलं त्यातलं मोठं. हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती त्यात सारख्या यायच्या, अमक्या गावचा अमका, अमक्या जहाजाने आला, त्याचा भाऊ त्याला शोधतोय, अशा. यांचे इंग्रजी सारांश छापलेले आहेत, इंडेक्समध्ये वेबर आणि टुल्पेहॉकन बघून घ्या, एका संध्याकाळचं काम आहे.

जर्मनीतली चर्चची रजिस्टरं सगळ्यात शेवटी. आर्किऑन नावाच्या वेबसाइटवर पैसे भरून प्रोटेस्टंट रजिस्टरं घरबसल्या बघता येतात, पण गाव माहीत नसताना १७४५ चा एक गेऑर्ग वेबर शोधणं म्हणजे पैसे आणि डोळे दोन्ही घालवणं. वेबर मॅचपैकी कोणाला गाव माहीत असेल तरच तिकडे जा. गाव मिळालं तर १७४५ चा बाप्तिस्मा, गॉडफादर कोण ते, आणि समासात कुठे पेनसिल्व्हेनियाला गेले अशी टीप आहे का ते बघायचं. गॉडफादर म्हणून योहान गेऑर्ग म्युलर निघाला तर मग काही विचारायलाच नको. मूल लग्नाबाहेरचं असलं तर पाद्री तसं स्पष्ट लिहितो, काही ठिकाणी नोंद उलटी लिहिलेली असते, पान फिरवून वाचायला लागते. त्या जुन्या जर्मन अक्षराला घाबरू नका. ट्रान्सक्रिबससारखं सॉफ्टवेअर ते बरंचसं वाचून देतं, फक्त आडनावं मात्र स्वतःच्या डोळ्यांनी अक्षर अक्षर लावून बघा, आणि ब-प, ड-ट, ग-क यांची अदलाबदल धरून चाला, त्या भागातल्या बोलीत ते एकसारखेच ऐकू येतात आणि कारकून ऐकेल तसं लिहायचा.

राहिला तुमचा पहिला प्रश्न, जो मला वाटतं तुम्हाला जास्त छळतोय. सांगू का? सांगा. छापायच्या आधी सांगा, आणि संमेलनात तर अजिबात नको. नवऱ्याशी आधी बोला, कारण टेस्ट त्याची आहे आणि ते त्याचे वडील आहेत. मग दोघं मिळून एखाद्या निवांत दुपारी सासऱ्यांकडे बसा, विलची प्रत आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी घेऊन, आणि सुरुवात विलपासून करा, डीएनएपासून नको. डीएनए म्हटलं की माणूस घाबरतो, कागद पुढे ठेवला की वाचायला लागतो. जॉर्जचं नाव इथे मला सापडत नाहीये, तुम्हाला काही माहीत आहे का, असं विचारा. जुन्या माणसांना पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात ज्या त्यांना कोणी विचारलेल्याच नसतात. कदाचित त्यांच्या आजीने सांगितलेलं काहीतरी निघेल, घरातल्या जुन्या जर्मन बायबलच्या पहिल्या पानांवर काही लिहिलेलं असेल, रंगीत चित्रं काढलेला बाप्तिस्म्याचा कागद फ्रेममध्ये भिंतीवर असेल. त्या भागात असे कागद घराघरात असायचे, त्यावर आई-बापाचं नाव, आईचं माहेर, गाव सगळं असतं. तो जॉर्जच्या मुलांपैकी एखाद्याचा असला तरी मारिया एलिझाबेथाचं माहेर कळेल आणि निम्मा गुंता तिथेच सुटेल.

आणि हे बाहेरून आलेली वगैरे मनातून काढून टाका हो. तुम्ही कोणाचा बाप खोडत नाही आहात. ज्या माणसाने कदाचित जॉर्जला वाढवलं, ज्याचं आडनाव ही सगळी माणसं अडीचशे वर्षं अभिमानाने लावतायत, तो योहान गेऑर्ग या घराण्याचाच राहणार, रक्ताचा असो नसो. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांत दत्तक गेलेल्या मुलाची जन्मघराण्यात आणि दत्तक घराण्यात अशी दोन्हीकडे नोंद ठेवलेली असते, कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. तुमच्या मुलांच्या अंगात साताराही आहे आणि टुल्पेहॉकनही, त्यांना उद्या हे वाचायचं आहे, म्हणजे तुमचा अधिकार कोणापेक्षा कमी नाही.

सासरे नाराज झाले तर? होऊ शकतात. त्यांनी वर्षानुवर्षं खपून ते ट्री केलंय, त्याचा मान ठेवा, त्यांचं बाकीचं काम किती नीट आहे ते मनापासून सांगा. ते म्हणाले की माझ्या पुस्तिकेत मी माझंच ठेवणार, तर वाद घालू नका, पुस्तिका त्यांची आहे. फक्त जॉर्जच्या नावाच्या ओळीखाली एक तळटीप घालायची परवानगी मागा. आणि ते तयार झाले तर मजकूर साधारण असा ठेवा, हवा तसा बदलून घ्या:

“जॉर्ज मिलर, जन्म सुमारे १७४५ (थडग्यावरील वयावरून), १७६७ च्या कर यादीत टुल्पेहॉकन येथे अविवाहित म्हणून नोंद. वडिलांचे नाव सिद्ध झालेले नाही. घराण्यात योहान गेऑर्ग म्युलर यांचा मुलगा असे मानले जाते, परंतु त्यांच्या १७७४ च्या मृत्युपत्रात नाव नाही. जॉर्जच्या मुलांच्या बाप्तिस्म्यांना वेबर कुटुंबातील व्यक्ती उपस्थित होत्या; नात्याचा शोध सुरू आहे. कोणाकडे जुने बायबल, बाप्तिस्म्याचे कागद किंवा पत्रे असल्यास कृपया कळवावे.”

डीएनएचा उल्लेख यात मुद्दाम ठेवला नाही, दुसऱ्या फांदीची टेस्ट होऊन ती जुळेपर्यंत तो छापू नका. आणि तळटीप इंग्रजीत छापाल तेव्हा शेवटच्या ओळीखाली तुमचा ईमेल टाकायला विसरू नका. ऑगस्टला अजून वेळ आहे, त्याआधी क्राइस्ट लुथेरनची कन्फर्मेशन यादी आणि ती विलची फाइल, एवढी दोन कामं उरकून घ्या. मूळ जर्मन पान मिळालं आणि वाचायला अडलं तर फोटो इकडे पाठवा, मी बसून वाचून देते.